लॉकडाऊनमध्ये खर्च बंद होता, मग पैसे उरले का नाहीत?

प्रश्न थोडक्यात असा आहे. डोंबिवलीतलं पाच जणांचं घर: नवरा-बायको दोघं नोकरीला, दोन शाळकरी मुलं आणि सासूबाई. मार्च २०२० पर्यंत दोघांचा मिळून हातात येणारा पगार ७४,००० रुपये आणि महिन्याचा खर्च ५२,०००, त्यात घरकर्जाचा हप्ता १६,५००. लॉकडाऊन लागला आणि एप्रिलपासून नवऱ्याच्या ४८,००० पगाराला ३० टक्के कात्री लागली. वहीतला खर्च एप्रिलला ३३,०००, मेला ३६,५०० आणि जूनला एकदम ६७,९००. हॉटेल नाही, कपडे नाहीत, लोकल नाही, तरी तीन महिन्यांत खात्यात फक्त ४१,४०० वाढले. एरवी ६६,००० वाढले असते. पैसे गेले कुठे, आणि पुन्हा कधी अशी वेळ आली तर बजेट कसं मांडायचं, घरात साठा किती ठेवायचा?

वही ठेवलीत हे फार बरं केलंत. ती नसती तर नुसते अंदाज बांधत बसावं लागलं असतं. पण वहीतले आकडे जसेच्या तसे वाचले तर फसायला होतं, कारण तीन महिन्यांच्या त्या बेरजेत तीन वेगवेगळ्या गोष्टी मिसळल्यात: बुडालेला खर्च, लांबलेला खर्च आणि बाहेरून घरात आलेला खर्च. बुडालेला म्हणजे जो पुन्हा कधीच करावा लागणार नाही, उदाहरणार्थ न पाहिलेला सिनेमा. लांबलेला म्हणजे आज टळला, उद्या करावाच लागणार. बाहेरून घरात आलेला म्हणजे एरवी बाहेर व्हायचा तो घरात होऊ लागला, उदाहरणार्थ ऑफिसातला चारचा चहा. यातला फक्त पहिला प्रकार ही बचत आहे. बहुतेक घरांनी तिन्ही एकत्र धरले, एप्रिल-मेला खूश झाली आणि जूनला चक्रावली.

तुमचा सगळ्यात मोठा लांबलेला खर्च घरकर्जाचा हप्ता आहे. एप्रिल आणि मेच्या खर्चात तो दिसतच नाही, म्हणजे तुम्ही मोरेटोरियम, म्हणजे हप्ते पुढे ढकलण्याची सवलत, घेतलं होतं. ते दोन हप्ते, ३३,००० रुपये, खर्चात परत घालून पाहा. तीन महिन्यांचा खरा खर्च १,३७,४०० नसून १,७०,४०० होतो. नेहमीच्या तीन महिन्यांचा खर्च १,५६,०००. म्हणजे घरात बसून तुमचा खर्च १४,४०० रुपयांनी वाढला. खात्यात वाढलेल्या ४१,४०० पैकी ३३,००० बँकेचे, तुमचे फक्त ८,४००. एरवीच्या ६६,००० पेक्षा हे ५७,६०० नी कमी. त्यातले ४३,२०० पगारकपातीचे आणि १४,४०० वाढलेल्या खर्चाचे. हिशेब पैशाला पैसा जुळतो, काही हरवलेलं नाही.

मोरेटोरियमबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण ‘हप्ता माफ झाला’ असं समजणारी माणसं तेव्हाही भेटत होती, आजही भेटतात. रिझर्व्ह बँकेने २७ मार्च २०२० ला बँकांना परवानगी दिली की १ मार्च ते ३१ मे दरम्यानचे हप्ते पुढे ढकलू द्या. २२ मेला ती मुदत ३१ ऑगस्टपर्यंत वाढवली. हप्ता थांबला तरी व्याज चालूच होतं आणि ते मुद्दलात जमा होत होतं. समजा तेव्हा तुमचं कर्ज १८ लाख बाकी होतं आणि दर साडेआठ टक्के. महिन्याचं व्याज १२,७५० रुपये. दोन महिने हप्ता भरला नाही की मुद्दल १८,२५,५९० वर जातं. हप्ता तोच ठेवला तर आधी उरलेले २१० हप्ते २१७ होतात. दोन हप्ते टाळले आणि सात हप्ते जास्त भरायचे झाले, साधारण १ लाख १५ हजार रुपये. ते पैसे सतरा-अठरा वर्षांनंतर जाणार आहेत, त्यामुळे आजच्या मोलात ते बरेच कमी भरतात हे खरं. पण ३३,००० ची ‘बचत’ म्हणून ज्याकडे पाहत होता ते मुळात महागडं उसनं होतं.

ऑक्टोबर २०२० मध्ये केंद्र सरकारने दोन कोटींपर्यंतच्या कर्जांवरचं व्याजावरचं व्याज परत देण्याची योजना आणली. त्यात सरळव्याज आणि चक्रवाढव्याज यांतला सहा महिन्यांचा फरक मिळाला. १८ लाखांवर साडेआठ टक्क्यांनी तो होतो सुमारे १,३७० रुपये. हप्ते नियमित भरणाऱ्यांनाही तो मिळाला. मुद्दलात मिसळलेलं मूळ व्याज त्यात माफ झालं नाही.

उपाय मात्र सोपा होता आणि पुढेही हाच आहे. हप्ता थांबवावा लागला तर थांबवा, पण जमलेलं व्याज, इथे साधारण २५,६०० रुपये, हात मोकळा होताच मुद्दलात एकरकमी भरून टाका. कर्ज पुन्हा १८ लाखांवर येतं आणि हप्ते पुन्हा २१०. भरताना बँकेला लेखी सांगा की ही रक्कम मुद्दलात वळती करा. न सांगितल्यास काही ठिकाणी ती पुढच्या हप्त्यांचा आगाऊ भरणा म्हणून पडून राहते. आणि हप्ता भरणं शक्य असेल तर ही सवलत घेऊच नका. नोकरी गेली असेल, पगारच येत नसेल, तर प्रश्न वेगळा. तिथे हप्ता थांबवून घरात रोकड ठेवणंच शहाणपणाचं.

याच काळात रेपो दर, म्हणजे रिझर्व्ह बँक बँकांना ज्या व्याजाने पैसे देते तो दर, ५.१५ वरून आधी ४.४० आणि मग ४ टक्क्यांवर आला. ज्यांचं कर्ज थेट रेपोला जोडलेलं होतं त्यांचा दर आपोआप उतरला. ऑक्टोबर २०१९ च्या आधीची बरीच कर्जं जुन्या पद्धतीची होती. तिथे बँकेकडे अर्ज करून आणि थोडं शुल्क भरून नव्या पद्धतीत जावं लागत होतं. तुमचं कर्ज कशाला जोडलेलं आहे हे मंजुरीपत्रात लिहिलेलं असतं. नसेल पाहिलं तर आज पाहा.

आता स्वयंपाकघर. नेहमीचे १२,५०० चे गॅससकट १७,००० झाले असं तुम्ही लिहिलंय आणि त्याचा दोष भाववाढीला दिलाय. भाववाढ होती. वाहतूक अडली होती, वाशीची बाजार समिती मे महिन्यात आठवडाभर बंद होती, सुटा माल मिळत नव्हता, छोटी पाकिटं संपली होती आणि जो ब्रँड असेल तो घ्यावा लागत होता. तरी पण चार-साडेचार हजारांचा फरक नुसत्या भावाने पडत नाही. दोघांचा डबा एरवीही घरूनच जायचा, म्हणजे जेवणं वाढली नव्हती. वाढलं ते मधलं खाणं. ऑफिसातला चारचा चहा आणि त्याबरोबरचं काहीतरी, मुलांची शाळेतली छोटी सुट्टी, संध्याकाळी ‘काहीतरी कर ना’. चार माणसं, दिवसाला दोन जादा खाणी, महिन्यातले २६ दिवस: २०८ खाणी. एकाला २० रुपये धरले तरी ४,१६०. तुमचा फरक इथेच सापडतो.

हे मधलं खाणं नेमकं कुठे वाढतं हे पाहायचं असेल तर तांदूळ-गव्हाकडे बघू नका, तेल, साखर, दूध आणि मैद्याकडे बघा. पाच माणसांच्या घरात महिन्याला साडेचार लिटर तेल जात असेल आणि ते सहावर गेलं, तर घरात तळण वाढलंय, भाव काहीही असोत. म्हणून लॉकडाऊनसारख्या काळात रुपयांबरोबर वजनही लिहावं, निदान पाच जिनसांचं: तेल, साखर, दूध, डाळ, गॅस. रुपये वाढले आणि वजन तेच राहिलं तर भाव वाढलेत, तिथे तुमच्या हातात फारसं नाही. वजन वाढलं तर वापर वाढलाय, तिथे काहीतरी करता येतं. गॅसचं वजन म्हणजे सिलिंडर लावल्याची तारीख. १४.२ किलोचा सिलिंडर चाळीस दिवस पुरत असेल आणि आता अठ्ठावीसच दिवस जात असेल तर मधल्या खाण्याचा हिशेब तोही देतो.

किराण्यात आणखी एक गफलत असते, साठ्याची. २४ मार्चच्या रात्री आणि नंतरच्या आठवड्यात मिळेल ते भरून ठेवलं गेलं. तो खर्च मार्च-एप्रिलच्या खात्यावर पडला, माल खाल्ला मेमध्ये. तुमच्या एप्रिलच्या ३३,००० मध्ये मास्क-सॅनिटायझरबरोबर असा साठाही आहेच. त्यामुळे अशा काळात एका महिन्याचा आकडा फारसं काही सांगत नाही. तीन महिन्यांची बेरीज करून तीनने भागा, आणि शेवटी डब्यात जे उरलंय त्याची अंदाजे किंमत वजा करा.

सोसायटीने मिळून थेट शेतकऱ्याकडून मागवलेला भाजीपाला आणि हापूसच्या पेट्या, हाही त्या दोन महिन्यांतला ठळक खर्च. भाव बाजारापेक्षा चांगला असायचा, पण पाच-सहा किलोची ठरलेली टोपली घ्यावी लागायची आणि त्यातला दुधी किंवा कोबी शेवटी कचऱ्यात जायचा. टोपलीची किंमत भाजीच्या एकूण वजनाने न भागता प्रत्यक्ष खाल्लेल्या वजनाने भागली की कधी कधी कोपऱ्यावरचा भाजीवालाच स्वस्त ठरतो. आंब्याबद्दल मी काही बोलत नाही. मेमध्ये कोकणी माणसाला आंबा घेऊ नको म्हणणारा सल्लागार टिकत नाही.

जूनच्या आकड्यात ५,८०० चं वीजबिल आहे आणि तुम्हाला ते चुकीचं वाटतंय. ते बहुधा बरोबर असावं, पण तपासायची रीत सांगतो. महावितरणने २३ मार्चपासून मीटर रीडिंग थांबवलं आणि डिसेंबर, जानेवारी, फेब्रुवारीच्या सरासरीवर बिलं पाठवली. ते थंडीचे महिने, पंखे बंद. प्रत्यक्षात तुम्ही उन्हाळ्यात दिवसभर घरात होता. ७५ वॅटचे दोन पंखे रोज नऊ तास जादा चालले तर १.३५ युनिट, लॅपटॉप अर्धा, टीव्ही अर्धा, राउटर चोवीस तास म्हणून पाव. दिवसाला २.६ युनिट, महिन्याला ७८. एसी असेल तर हे सगळं बाजूला ठेवा, तो एकटाच तासाला एक-दीड युनिट खातो.

जूनला प्रत्यक्ष रीडिंग झालं तेव्हा थकलेला सगळा वापर एका बिलात आला. तिथे पाहायचं असतं ते टप्प्यांचं गणित. घरगुती दराचे टप्पे ० ते १००, १०१ ते ३००, ३०१ ते ५०० आणि त्यापुढे असे आहेत आणि १०१ पासूनचा दर पहिल्या शंभराच्या जवळपास दुप्पट पडतो. समजा तीन महिन्यांचे मिळून ८१० युनिट झाले. मग टप्पेही तीनपट मोजले पाहिजेत: पहिले ३०० युनिट सगळ्यात कमी दराने आणि उरलेले ५१० दुसऱ्या दराने. तेच ८१० एका महिन्याचे धरले असते तर पहिल्या टप्प्यात फक्त १००, मग २००, मग २०० आणि ३१० युनिट सगळ्यात महाग दराने लागले असते. बिलाच्या तपशिलात रीडिंगचा कालावधी किती महिन्यांचा धरलाय, टप्पे त्या पटीत वाढवलेत का आणि आधी भरलेल्या सरासरी बिलांची रक्कम वजा केलीय का, एवढं पाहा. तिन्ही बरोबर असतील तर बिल बरोबर आहे. १ एप्रिल २०२० पासून दरही बदलले होते, त्यामुळे जुन्या दराने ताळा करायला गेलात तर जुळणार नाही.

जूनमधला उरलेला मोठा आकडा मुलाच्या ऑनलाइन शाळेसाठी घेतलेला १४,६०० चा फोन. मुंबई-ठाणे पट्टा रेड झोनमध्ये असल्याने अशी खरेदी मेच्या उत्तरार्धापर्यंत जवळपास होतच नव्हती, ती जूनमध्ये साचली. शिवाय १ एप्रिल २०२० पासून मोबाइलवरचा जीएसटी १२ वरून १८ टक्के झाला होता. हाच फोन मार्चमध्ये घेतला असता तर सुमारे साडेसातशे रुपये वाचले असते. हा खर्च मात्र एका महिन्यावर टाकू नका. फोन तीन वर्षं चालेल असं धरून महिन्याला ४०० लिहा. मग तुमचा जून एवढा भयंकर दिसत नाही.

आता जे बंद होतं त्याबद्दल. प्रवास, हॉटेल, क्लास-बस आणि कपडे मिळून तुमचे महिन्याला १३,८०० थांबले. त्यातले ४,५०० स्वयंपाकघराने परत घेतले, १,२०० विजेने, ९०० इंटरनेट आणि मोबाइलने. उरले ७,२००. पण हे ७,२०० तरी खरे बुडालेले होते का? कपड्यांचे नव्हते. त्या वर्षी गुढीपाडवा लॉकडाऊनच्या पहिल्याच दिवशी, २५ मार्चला आला. पाडव्याची खरेदी अनेक घरांत गणपती-दिवाळीला झाली. दातांचं काम, चष्मा, स्कूटरची सर्व्हिसिंग, सासूबाईंच्या रक्ताच्या तपासण्या हे सगळं लांबलं, आणि तपासण्या लांबल्या की पुढचा खर्च वाढूनच येतो. देशभराचा आकडाही हेच सांगतो. रिझर्व्ह बँकेच्या प्राथमिक अंदाजानुसार एप्रिल ते जून २०२० मध्ये घराघरांची आर्थिक बचत जीडीपीच्या २१ टक्के झाली होती. पुढच्याच तिमाहीत ती १०.४ टक्क्यांवर आली.

प्रवासाच्या बाबतीत तर उलटच झालं. एप्रिल-मेमध्ये शून्य असलेला खर्च ‘मिशन बिगिन अगेन’नंतर, म्हणजे राज्य सरकारने बंदी टप्प्याटप्प्याने उठवायला घेतल्यावर, नेहमीपेक्षा जास्त झाला. ८ जूनपासून खासगी कार्यालयं दहा टक्के उपस्थितीने उघडली, पण सर्वसामान्यांसाठी लोकल बंदच होती. महिन्याच्या पासात जे भागायचं ते बसने, शेअर गाडीने करताना पासाचे पैसे दोन-तीन दिवसांत संपायचे. तुमचं ऑफिस जुलैत सुरू झालं असेल तर जुलैचं पान उघडून पाहा. बंदी उठताना ती सगळीकडे एकदम उठत नाही, हे पुढच्या बजेटमध्ये धरायला हवं.

हे सगळं पगारदार घराचं गणित झालं. रोजंदारीवरच्या, रिक्षावाल्या, पार्लर किंवा वडापावची गाडी चालवणाऱ्या घराला यातलं फारसं लागू पडत नाही. तिथे आधी उत्पन्न शून्य झालं आणि खर्च त्यामागे आपोआप आक्रसला: आधी दूध-भाजी, मग औषधं, मग भाडं थकलं, मग वाण्याची उधारी आणि सोनं गहाण. अशा घरात बजेट मांडण्याआधी हक्काचं काय मिळतं ते पाहायचं असतं. तेव्हा रेशनवर पात्र कार्डधारकांना माणशी पाच किलो धान्य मोफत होतं, केशरी कार्डावर मे-जूनमध्ये माणशी तीन किलो गहू आठ रुपयांनी आणि दोन किलो तांदूळ बारा रुपयांनी मिळत होता, शिवभोजन थाळी दहाची पाच रुपयांवर आली होती. कार्ड आधारशी जोडलेलं नाही, नाव वगळलं गेलंय, पत्ता जुना आहे, असल्या कारणांनी अडलेली घरं बरीच होती. ही कामं चांगल्या दिवसांतच करून ठेवायची असतात.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाकडे येतो. पुढच्या वेळेसाठी एकच आकडा काढून ठेवा: सगळं बंद असतानाही घर चालवायला लागणारी रक्कम. तुमच्या वहीवरून ती अशी येते. हप्ता १६,५००, स्वयंपाकघर १७,०००, वीज २,८००, सोसायटीचा मेंटेनन्स २,०००, कामवाल्या ताईंचा पगार २,५००, औषधं २,२००, इंटरनेट आणि मोबाइल १,८००. एकूण ४४,८००. म्हणजे घराबाहेर पाऊल न टाकताही नेहमीच्या खर्चाच्या ८६ टक्के लागतातच. अडचण आली की खर्च निम्म्यावर आणू, असं म्हणणाऱ्याने हा आकडा एकदा काढून पाहावा. ताईंचा पगार मी मुद्दाम त्यात धरलाय. त्या येऊ शकत नव्हत्या त्या बंदीमुळे, आणि ते २,५०० थांबवून तुमचं गणित काही सुटत नाही.

राखीव रक्कम पगाराच्या पटीत न मोजता या ४४,८०० च्या पटीत मोजा. दोघंही पगारदार असाल तर चार महिन्यांचे, म्हणजे १ लाख ८० हजार. दोघं एकाच क्षेत्रात असाल, किंवा एकाची कमाई कमिशनवर असेल, तर सहा महिन्यांचे. तेव्हा पीएफमधून तीन महिन्यांचं मूळ वेतन आणि महागाई भत्ता किंवा शिलकीच्या ७५ टक्के, यातलं जे कमी असेल तेवढं काढायची मुभा होती. बऱ्याच जणांनी ते काढून घरखर्चात घातलं. राखीव रक्कम नसेल तर इलाज नाही, पण ती असताना पीएफला हात लावू नये. मे ते जुलै २०२० मध्ये पीएफची कपात १२ वरून १० टक्के केली होती, त्यामुळे पगार हातात किंचित जास्त दिसत होता. तुमच्या वहीत त्या महिन्यांत ही वाढ ‘उत्पन्न’ म्हणून लिहिली असेल तर खोडा. ती तुमचीच बचत कमी होऊन हातात आलेली होती.

राखीव रकमेत दवाखाना धरू नका, त्यासाठी विमा वेगळा. मे २०२० मध्ये राज्य सरकारने खासगी रुग्णालयांचे दर बांधले होते, तरी साध्या वॉर्डचे दिवसाला ४,००० आणि व्हेंटिलेटरसह अतिदक्षता विभागाचे ९,००० होते. दहा दिवसांत दोन महिन्यांचा घरखर्च गेला असता.

साठ्याचं विचारलंत म्हणून सांगतो. तीन आठवड्यांसाठी पाच जणांना तांदूळ आणि गहू मिळून साधारण ३२ किलो, डाळी-कडधान्यं साडेतीन किलो, तेल चार लिटर पुरतं, आणि भरलेला जादा सिलिंडर एक. औषधं मात्र दोन महिन्यांची ठेवा, चिठ्ठीच्या फोटोसकट. रवा, बेसन, मैदा पावसाळ्याच्या तोंडावर महिन्यापेक्षा जास्त भरू नका. आपल्याकडच्या दमट हवेत जाळी आणि टोके होतातच. रवा भाजून ठेवला तर थोडा जास्त टिकतो, बेसन फ्रिजमध्ये.